ध्रुवला कोणता नागराज आठवतो?

राज कॉमिक्सच्या तिन्ही घरांना खुलं पत्र

डोणगाव, ता. मेहकर, जि. बुलढाणा

श्री. संजय गुप्ता, श्री. मनोज गुप्ता आणि श्री. मनीष गुप्ता यांस,


तुमची पुस्तकं मी हिंदीत वाचली, पण त्यांच्यावरून भांडणं केली ती मराठीत, खरं सांगायचं तर वऱ्हाडीत. म्हणून हे पत्रही मराठीतच लिहितो आहे. दुसरंही एक कारण आहे. नागराजवर मराठी माणसाचा थोडा हक्क आहे असं मी लहानपणापासून मानत आलो. त्याचं हिरवं, खवल्यांचं अंग ज्यांच्या हातून घडलं त्यांत पुण्याचे प्रताप मुळीक होते. अमर चित्र कथेची पानं रंगवणारा हाच हात. पुढं संजय अष्टपुत्रे, विठ्ठल कांबळे, मिलिंद मिसाळ ही नावं पानांवर दिसली की आम्हाला आपल्याच गावचं कुणीतरी दिल्लीत भेटल्यासारखं वाटायचं.

नव्वदच्या दशकात आमच्या एसटी थांब्याजवळ एका टपरीत कॉमिक्स भाड्यानं मिळायची. सुतळीवर कपडे वाळत घालावेत तशी टांगलेली असायची. घरी न्यायला दिवसाचे आठ आणे. तिथंच बाकड्यावर बसून वाचलं तर चार आणे. सलग मालिका आमच्या वाट्याला कधी आलीच नाही. दुसरा भाग आधी हाती लागायचा, पहिला सहा महिन्यांनी, आणि तिसरा कुणीतरी नेऊन परतच केलेला नसायचा. दिल्लीतल्या किंवा नागपुरातल्या मुलाला कदाचित सगळे भाग ओळीनं मिळत असतील. आमच्यासारख्या गावातल्या मुलाला गोष्ट तुकड्यातुकड्यांनी मिळायची आणि जोडकाम त्यालाच करावं लागायचं.

त्या जोडकामात आम्हाला एकच आधार होता. चौकटीच्या तळाशी एक फुली आणि तिच्यापुढं ‘पढ़ें’ म्हणून दुसऱ्या कॉमिकचं नाव. ती बारीक अक्षरांतली ओळ कुणी लिहीत असेल त्याला ठाऊक नसेल, पण डोणगावातल्या एका मुलासाठी तो रस्त्यावरचा मैलाचा दगड होता. ते पुस्तक मिळालं नाही तरी चालायचं. ते कुठंतरी आहे, आणि या पानावर जे घडतंय त्याचं मूळ तिथं आहे, एवढं कळलं तरी पुरायचं. त्या फुल्यांवरून मी एक वही केली होती. उभ्या रेघा मारून, दुकानाच्या खातेवहीसारखी. कोण कुणाला पहिल्यांदा कुठं भेटला. कुणाला कुणाचं गुपित ठाऊक आहे. नागराज भारती कम्युनिकेशन्समध्ये राज म्हणून वावरतो हे कुणाकुणाला माहीत आहे. डोगाच्या मुखवट्यामागं सूरज आहे हे कुणाला माहीत आहे. ध्रुव या तुमच्या दुसऱ्या नायकाच्या रकान्यात मात्र काही लिहावं लागायचं नाही, कारण त्याला लपवायला दुसरं नावच नाही. म्हणून तो मला सगळ्यांत आवडायचा.

ती वही अजून माझ्याकडं आहे. गेल्या उन्हाळ्यात भाचा सुट्टीला आला तेव्हा मी ती माळ्यावरून काढली. तो आता सातवीत आहे, आणि त्यानंही कुठून कुठून तुमची नवी-जुनी कॉमिक्स जमवली आहेत. नागराज हा तक्षकनगरचा राजपुत्र, असं मी बोलता बोलता म्हणालो, तर त्यानं मानच हलवली. त्याच्या पुस्तकांतल्या नागराजची कथा निराळी होती. अर्धा तास आम्ही दोघं आपापली पानं उघडून एकमेकांना दाखवत होतो. शेवटी तो म्हणाला, “मामा, तुमचा नागराज येगळा अन् माहा येगळा.” मग वही उलटून ध्रुवच्या पानावर बोट ठेवून त्यानं विचारलं, “मंग ह्या ध्रुवला कोणता आठवते?”

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे.

आज तुमच्याकडं नागराज एकटा नाही. महानगरात राहणारा, खलनायक नागपाशाशी झुंजणारा तो विश्वरक्षक. देशोदेशी जाऊन दहशतवाद्यांना गाठणारा तो आतंकहर्ता. आणि नव्यानं बांधलेल्या जगातला तो नरकनाशक. एका नायकाची तीन रूपं असावीत यात मला काहीच वावगं वाटत नाही. पंढरपूरचा विठोबा आणि तिरुपतीचा बालाजी एकच आहेत असं म्हणणाऱ्या आणि तरी दोघांच्या वेगवेगळ्या कथा सांगणाऱ्या मुलखात मी वाढलो. माझी अडचण रूपांची नाही, एकत्र येण्याची आहे. नागराज एकटा असतो तेव्हा त्याची कथा हवी तितक्यांदा पहिल्यापासून सांगा. पण तो ब्रह्मांड रक्षक या तुमच्या नायकांच्या मंडळात जाऊन उभा राहिला की त्याच्या शेजारी ध्रुव असतो, डोगा असतो, परमाणू, शक्ती, तिरंगा, इन्स्पेक्टर स्टील असतात. त्या प्रत्येकाच्या डोक्यात नागराजची आठवण असते. नागराजला तुम्ही नवा केलात, तर त्या आठवणींचं काय करायचं?

सगळ्याच विसंगती सारख्या नसतात, हेही सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला वाटेल की हा माणूस चुका मोजत बसलाय. ध्रुव १९८७ साली ‘प्रतिशोध की ज्वाला’मध्ये आला आणि आजही तरुण आहे. असू द्या. त्याच्या हातातला वायरलेस जाऊन मोबाईल आला, असू द्या. त्याच्या मोटरसायकलचा आकार दर चित्रकाराच्या हातात बदलला, तरी कुणाची तक्रार नाही. वाचक या बाबतीत फार उदार असतो. तमाशातल्या राजाच्या पायात प्लॅस्टिकची चप्पल दिसली म्हणून कुणी उठून जात नाही. पण माणसानं काय गमावलं, कुणाला काय वचन दिलं आणि त्याला काय ठाऊक आहे, या तीन गोष्टी हलल्या की माणूसच हलतो. ज्युपिटर सर्कशीला आग लागली, त्यात ध्रुवचे आईवडील श्याम आणि राधा गेले, आणि राजन मेहरांनी त्या पोरक्या मुलाला घरी नेलं. यातलं काहीही न सांगता बदललं तर मोटरसायकलवर बसलेला तो मुलगा कुणीतरी दुसराच होईल. ‘बालचरित’ मालिकेत अनुपम सिन्हा त्याच सर्कशीच्या दिवसांकडं परत गेले, तेव्हा पहिलं पान उलटताना माझ्या छातीत धडधडत होतं, ते यासाठीच.

डोगाचंही तसंच. कचऱ्याच्या ढिगावर सापडलेलं पोर, हलकानसिंग डाकूच्या हाताखाली वाढलेलं, पुढं अदरक चाचांनी घडवलेलं. तो गुन्हेगाराला जिवंत सोडत नाही. ध्रुव कुणाचा जीव घेत नाही. हे दोघं एका चौकटीत आले की त्यांच्यात जे ताणलं जातं, ते मला तुमच्या सगळ्या ग्रहफोडीपेक्षा मोलाचं वाटतं. पहिल्या भेटीत त्यांचं भांडण व्हावं. दुसऱ्या भेटीत त्या भांडणाची आठवण असावी. पाचव्या भेटीत ध्रुवला ठाऊक असावं की डोगाला कुठल्या शब्दानं थांबवता येतं, आणि डोगालाही ठाऊक असावं की या पोरासमोर आपला हात एक क्षण अडखळतो. हे सगळं साठत जातं, दुधावर साय धरावी तसं. नव्या आरंभात तुम्ही ती साय काढून टाकली की दोघं पुन्हा पहिल्यापासून तेच भांडण भांडतात. आणि आम्ही, ज्यांनी ते लहानपणी बाकड्यावर बसून वाचलेलं असतं, ते एखाद्या लग्नघरात म्हातारपणानं विसरायला लागलेल्या काकांकडं पाहावं तसे पाहत राहतो.

जुनं न पुसता नवं सांगणं तुम्हाला जमत नाही असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ते एकदा फार सुंदर करून दाखवलं आहे. १९८६ च्या पहिल्या ‘नागराज’मध्ये प्रोफेसर नागमणी सांगतो की हा माणूस मी घडवला, दहशतवाद्यांना विकायचं एक हत्यार म्हणून. मग बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली नियंत्रणाची कॅप्सूल काढतात आणि तो मोकळा होतो. पुढं नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, ‘खजाना’च्या काळात, कळलं की तो तक्षकराज आणि राणी ललिता यांचा मुलगा, आणि त्याचं विष म्हणजे देव कालजयीची देणगी. मेलं असं समजून नदीत सोडलेलं ते बाळ पुढं नागमणीच्या हाती लागलं होतं. ते वाचलं त्या रात्री मी जुनं पुस्तक पुन्हा उघडलं. त्यातलं एकही चित्र खोटं पडलं नव्हतं. नागमणी जे बोलला ते बोललाच होता. तो खोटं बोलला होता, इतकंच. जुन्या पुस्तकातला एक शब्द न खोडता तुम्ही नवं जग उघडलंत, आणि वर तो खलनायक आणखी नीच ठरला. माझ्या मते राज कॉमिक्सच्या सगळ्या इतिहासातली ती सर्वांत कसबी जागा आहे. माझ्या वहीत तिथं मी लाल शाईनं चौकट काढली आहे.

‘नागायण’मध्येही माझा गोंधळ झाला नाही. तिथं अनुपम आणि जॉली सिन्हांनी रामायणाचा साचा घेतला, भविष्यातलं वेगळं जग घेतलं, आणि नावातच ते सांगून टाकलं.

आता दूरची एक गोष्ट सांगतो. तुम्हाला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, पण हे पत्र वाचणाऱ्या मराठी वाचकाला कदाचित नसेल. अमेरिकेत १९५८ च्या एप्रिलमध्ये ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’च्या २४७व्या अंकात तीन मुलं हजार वर्षांनंतरच्या काळातून आली आणि सुपरबॉयला आपल्या मंडळात घेऊन गेली. त्या मंडळाचं नाव ‘लीजन ऑफ सुपरहीरोज’. त्यांनी एकत्र येण्याचं कारणच सुपरबॉय होता. त्याच्या पराक्रमांच्या गोष्टी ऐकून त्यांनी मंडळ काढलं होतं. पुढं १९८५-८६ मध्ये डीसी कंपनीनं ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेत आपली सगळी विश्वं मोडून एक केलं. लगेच १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची कथा नव्यानं सांगितली. त्यात तो लहानपणी कधी सुपरबॉय झालाच नव्हता. सुपरमॅनपुरतं पाहिलं तर ते काम उत्तम होतं. पण सुपरबॉयच नव्हता, तर ती तीन मुलं कुणाला न्यायला आली होती?

मग ठिगळं सुरू झाली. १९८७ मध्ये सांगितलं की टाइम ट्रॅपर नावाच्या खलनायकानं एक छोटं, खिशात मावेल असं विश्व बनवलं होतं आणि लीजनचा सुपरबॉय त्यातला होता. पुढं तेही पुरेना. सुपरबॉयच्या जागी मॉन-एलला बसवलं, सुपरगर्लच्या जागी लॉरेल गँड नावाची नवीच मुलगी आणली. शेवटी १९९४ मध्ये ‘झीरो अवर’च्या निमित्तानं सगळं पुसलं आणि मंडळ पहिल्या दिवसापासून सुरू केलं. २००५ मध्ये मार्क वेड आणि बॅरी किटसन यांनी पुन्हा पहिल्यापासून. २००७ पासून जुनंच मंडळ थोडं वेगळं होऊन परत आलं. २०१९ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस यांच्याकडून पुन्हा नवं. यातली काही पुस्तकं फार चांगली आहेत. वेड-किटसन यांची तर मला मनापासून आवडली. पण या सगळ्याचं मूळ एका ठिकाणी आहे. एका नायकाचं घर नीट करताना भिंतीतली एक वीट काढली, आणि त्या भिंतीला टेकून दुसऱ्या कुणाचंतरी घर उभं होतं हे उशिरा लक्षात आलं.

नागराज ही ब्रह्मांड रक्षकांची तीच वीट आहे. ध्रुवही आहे. या दोघांपैकी एकाचाही भूतकाळ हलवताना बाकीच्यांना विचारावं लागेल.

मग करायचं काय? सगळं एकाच काळाच्या दोरीत ओवून बाकीचं खोटं ठरवायचं का? मी तसं म्हणणार नाही, आणि याचं कारण माझ्या गावाच्या आसपास आहे. आमच्याच जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. शास्त्रज्ञ सांगतात की बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून ते झालं. गावातला म्हातारा सांगतो की तिथं लवणासुर राहायचा आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, देऊळही दाखवतो. शाळेतल्या सहलीत आम्ही दोन्ही ऐकलं, एकाच दिवशी, आणि कुणालाच पेच पडला नाही. कारण कोणती गोष्ट कोण सांगतंय हे स्पष्ट होतं.

याहून नेमकं उदाहरण त्याच मातीत सातशे वर्षांपूर्वीचं आहे. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी भक्तांकडं जाऊन जाऊन गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झालं. त्यात आमचं मेहकर येतं, लोणारही येतं. मूळ ग्रंथ पुढं हरवला आणि त्यांच्या पंथातल्या लोकांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला. साहजिकच एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळेनात. तेव्हा त्यांनी काय केलं? एक ठेवून दुसरी फेकली नाही. दोन्ही लिहिल्या, आणि वेगळ्या आठवणीला ज्याची ती, त्याचं नाव घालून ‘वासना’ म्हटलं. आजच्या मराठीत हा शब्द भलतीकडं गेला आहे, पण तिथं त्याचा अर्थ मनावर उरलेला ठसा, एखाद्यापाशी राहिलेलं स्मरण असा आहे. आणि जिथं खात्री करून घेतली तिथं ‘शोधु’ म्हणून नोंद केली. पोथी नकलणाऱ्या त्या माणसांना कळलं होतं की वाचकाचा घात वेगळेपणानं होत नाही, वेगळेपण लपवल्यानं होतो.

माझं मागणं एवढंच आहे. नागराजच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, मोठ्या जाहिरातीत नव्हे, साध्या एका ओळीत लिहा की हा कोणता नागराज, आणि या जगात ध्रुव त्याला कधी भेटला. सगळे एकत्र येतात त्या पुस्तकात तर हे लिहाच. कोण कुठल्या जगातून आलाय हे पहिल्या दोन पानांत कळू द्या. चौकटीखालच्या फुल्या जपा. जुनी पुस्तकं पुन्हा छापाल तेव्हा ती पहिल्यांदा कोणत्या साली आली हे मागं छापा, कारण आता तीस-तीस वर्षांच्या अंतराची पुस्तकं एकाच मुलाच्या हाती पडतात आणि त्याला कोणतं आधीचं हे समजायला मार्ग नाही. नितीन मिश्रांच्या ‘सर्वनायक’सारखी मोठी मालिका वर्षानुवर्षं चालते तेव्हा मध्येच शिरणाऱ्या वाचकासाठी दर भागात मागचा धागा द्या. आणि काही खरोखरच रद्द करायचं असेल, तर ते रद्द केलं असं सांगून करा. एखादा भाग कमकुवत होता, तो आम्ही धरत नाही, असं संपादकानं लिहिलं तर वाचक रागावणार नाही. तो आदरानं मान डोलावेल. गुपचूप बदललेलं मात्र त्याच्या लक्षात येतंच, आणि मग त्याला आपल्या स्वतःच्या आठवणीवर शंका येऊ लागते. दहा वर्षांच्या मुलाला तशी शंका येणं ही लहान गोष्ट नाही.

आता एक नाजूक गोष्ट. आज राज कॉमिक्स तुम्हा तिघांच्या तीन नावांनी निघतात. त्यामागचं घरातलं काही मला विचारायचं नाही. तो माझा विषय नव्हे. आमच्याकडंही शेताच्या वाटण्या होतात. पण वाटणी झाली तरी विहीर सामायिक राहते, आणि पाळीपाळीनं पाणी घेतात. तुमची सामायिक विहीर म्हणजे या नायकांच्या आठवणी. तिघांनी मिळून एक नोंदवही ठेवा. ली फॉकच्या वेताळाच्या कवटी गुहेत जशी प्रत्येक पिढीची बखर असते, तशी. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून आमच्या आधीच्या पिढीनं तो वेताळ वाचला. एकवीस पिढ्यांचा तो एकच वेताळ त्यांना कधी बुचकळ्यात टाकत नव्हता, कारण कोण कुणानंतर आला हे बखरीत होतं. तुमच्या तीन घरांतून उद्या तीन वेगळ्या कथा आल्या, तर येऊ देत. त्या वहीत त्यांची तीन नावं असू देत.

कलाकारांची नावंही त्या वहीत घाला. कोणत्या पुस्तकापासून हात बदलला, कोणत्या पुस्तकापासून लेखक बदलला. पुण्यातल्या ज्या मंडळींनी सुरुवातीची पानं काढली त्यांचं नाव नव्या आवृत्तीच्या वाचकापर्यंत पोचलं, तर मला फार बरं वाटेल.

माझ्या जुन्या वहीत ध्रुवच्या पानावर एक ओळ आहे: ‘नागराज: मित्र’. पुढं कंसात पहिल्या भेटीच्या कॉमिकचं नाव. सुट्टी संपून जाताना भाच्यानं त्या ओळीच्या शेजारी शिसपेन्सिलीनं ‘मामाची आठवण’ असं लिहिलं. खाली त्याच्या पुस्तकांवरून त्याला जे वाटलं ते लिहून शेजारी ‘माझी आठवण’ लिहिलं. मग थोडा विचार करून दोन्हींच्या मध्ये त्यानं एक ओळ मोकळी ठेवली आणि तिच्या सुरुवातीला एक फुली काढली, तुमच्या पुस्तकांत असते तशी. तिच्यापुढं ‘पढ़ें’ एवढंच लिहिलं आहे. कॉमिकचं नाव तुमच्याकडून यायचं आहे.

आपला,
भाड्यानं वाचून मोठा झालेला एक वाचक